अकराव्या नंबरचा बँड

दीपकच्या वरच्या खिशात फोन थरथरला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत मागात होते. थरथर कळली हेच नवल, कारण सुरतेत लिंबायतच्या त्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये, अठ्ठेचाळीस माग एका वेळी चालतात आणि पायाखालची फरशीच दिवसभर थरथरत असते. नवा कारागीर आला की पहिला आठवडा त्याचे दात दुखतात. दीपक तिथला जॉबर. माग बिघडला की त्याच्याकडे. बिघाड तो कानानं शोधत नाही, तळवा मागाच्या चौकटीवर ठेवतो आणि डोळे मिटतो, आणि कारागीर बाजूला उभे राहून नाडी बघणाऱ्या वैद्याकडे बघावं तसे बघत राहतात. त्यानं हात पुसले आणि फोन काढला. जुन्या दोस्तानं, हितेशनं, व्हिडिओ पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'जो तो खरो, अगियारमो नंबर,' म्हणजे बघ तर खरं, अकरावा नंबर. खात्यात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. एक दाढीवाला गोरा माणूस कॅसेटींनी भरलेल्या फळीसमोर बसून ओठ हलवत होता, आणि मग पडद्यावर एक फोटो आला. बंद शटरसमोर उभी तीन पोरं. डावीकडचा बारकुडा तो स्वतः, उजवीकडे हितेश, आणि मध्ये गिटार छातीशी धरून लोटू. लोटूचे दोन्ही डोळे कॅमेऱ्याकडे बघत होते. दीपकला आधी हसू आलं, कारण स्वतःच्या जुन्या केसांचं कुणालाही हसूच येतं, आणि मग ते ओठांवरच विझलं. त्यानं फोन पालथा करून खिशात टाकला, माग सुरू केला आणि कारागिराला खुणेनंच सांगितलं की मी चहाला जातो.

टपरीवर त्यानं कानात वायर घातली आणि भिंतीकडे तोंड करून ऐकलं. इंग्रजी सगळं कळलं नाही, पण जेवढं कळायला नको होतं तेवढं कळलं. दाढीवाला पोलंडचा की कुठला, त्यानं थ्रॅश मेटलच्या वीस बँडांची यादी केली होती, ज्यांचं नाव व्हायला हवं होतं आणि झालं नाही अशांची. मोठ्या चौघांना जग ओळखतं, त्याचं म्हणणं, पण खरं सोनं खाली गाळात आहे. अकरावा नंबर, धोटा, सुरत, इंडिया. तीन गाण्यांची एकच सीडी, जिच्या पन्नास प्रती निघाल्या आणि एक पोस्टानं फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली. ढोल वाजवणारा माणूस आहे की यंत्र, असं तो कौतुकानं विचारत होता. आणि शेवटचं गाणं, 'बारा तास', त्यात तिसऱ्या मिनिटाला जी किंकाळी येते तिच्यासारखी खरी किंकाळी मी आयुष्यात ऐकलेली नाही, असं म्हणून त्यानं डोळे मिटले आणि गाणं लावलं. दीपकनं वायर कानातून उपसून काढली. चहावाला म्हणाला, "काय झालं मास्तर, गरम लागला का?" चहा अजून त्यानं घेतलाच नव्हता. खाली आकडा होता, नव्वद हजार लोकांनी बघितलं. नव्वद हजारांची त्याला भीती वाटली नाही. त्याला भीती वाटली ती नव्वद हजार एकाव्या माणसाची, आणि तो माणूस सुरतेबाहेर चलथाणला राहत होता. लोटू हे गाणं ऐकेल आणि लोटूला कळेल. एवढंच होतं ते, पण अठरा वर्षं तेवढंच पुरलं होतं.

लोटू त्या वेळी उधन्याच्या खात्यात आठ माग सांभाळायचा आणि पगार झाला की स्टेशनजवळच्या एका माणसाकडून असल्या कॅसेटी आणायचा, ज्या कुणालाच नको असायच्या. ब्राझीलच्या, जर्मनीच्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या. त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात बँडांची नावं, सगळी न चाललेल्यांची, एक कॅसेट काढून मेलेल्यांची, आणि पुढे त्याच्या किरट्या अक्षरात एकेक शेरा, 'हात भारी', 'गाणारा बेसुरा पण खरा', 'ह्यांना कोणीतरी विचारायला पाहिजे होतं'. दीपकनं लग्नानंतर रुपालीला एकदा थ्रॅश मेटल म्हणजे काय ते समजवायचा प्रयत्न केला होता. ती सगळं ऐकून म्हणाली होती, "म्हंजे खातंच घरमा आनानं." तिचं काही चुकलं नव्हतं. लोटूचंही म्हणणं तेच होतं, की हे संगीत आपलंच आहे, ज्यांना दिवसभर कानठळ्या बसतात त्यांचं. बाकीचे उगीच ऐकतात. त्यांच्याकडे ढोल नव्हते. ढोलांचा संच घ्यायचा तर तिघांनी गावाकडची घरं विकायला हवी होती. म्हणून दीपकनं सुचवलं की माग घेऊ. मिनिटाला दीडशे ठोके, कधी दमत नाही, कधी चुकत नाही. लोटू त्याच्याकडे बघत राहिला होता आणि मग त्यानं दीपकला मिठी मारली होती. दीपकला आयुष्यात कुणी इतकं हुशार मानलं नव्हतं. धोटा हे नावही लोटूनंच ठेवलं, त्याच्या आजोबांच्या हातमागावरचा शब्द, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्याचा. खात्यात सगळे शटलच म्हणतात.

दिवाळी आली की सुरतेत माग थांबतात. कारागीर गाड्या भरभरून आपापल्या गावी जातात आणि पंधरा दिवस लिंबायतमध्ये अशी शांतता पसरते की राहिलेल्यांना झोप लागत नाही. पूर आला त्या वर्षीची दिवाळी. पुरात भिजलेला एक अँप्लिफायर त्यांना मातीमोलानं मिळाला होता, तो आठ दिवस गच्चीवर वाळवला होता, आणि तरी सुरू केला की त्याला चिखलाचा वास यायचा. हितेश लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात कामाला होता, तो तिथून माइक आणि रेकॉर्डर घेऊन आला. खात्याची किल्ली दीपककडे होती, कारण तो तेव्हा जॉबरच्या हाताखाली होता आणि शेठचा त्याच्यावर विश्वास होता. सत्तेचाळीस माग कपडे टाकून झोपवलेले आणि एकच माग चालू, दाराजवळचा, ताण्याचे उभे धागे चढवलेला. पहिल्या दिवशी दोन गाणी झाली. लोटूचा हात असा चालायचा की हितेश आपली बेस गिटार वाजवायचं विसरून बघत बसायचा. संध्याकाळी बाहेर ओट्यावर बसून भजी खाताना लोटू म्हणाला, "दीपक, तुना माग शे का बैलगाडी? मना हात थांबी थांबी थकना." हितेश हसला. दीपकही हसला. असल्या हसण्याला काही अर्थ नसतो, मित्र असंच बोलतात, पण घरी जाताना ते वाक्य दीपकच्या बरोबर चालत राहिलं. गाणं लोटूचं, गिटार लोटूची, नाव लोटूनं ठेवलेलं. त्याचा स्वतःचा एक मागच तर होता, आणि तो बैलगाडी.

दुसऱ्या दिवशी तो दोन तास आधी खात्यात गेला आणि मोटारीवरची तीन इंची पुली काढून त्यानं चार इंची बसवली, म्हणजे माग जास्त धावेल, पट्टा ओढून ताणला, आणि माग रिकामा चालवून बघितला. तळव्यालाच कळलं की माग घाबरलाय. त्या मागाला तो वेग सोसणारा नव्हता आणि हे दीपकला इतर कुणाहून जास्त ठाऊक होतं. तरी त्यानं पुली ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. लोटूला चकित करायचं होतं, असं तो नंतर स्वतःला सांगत आला, आणि त्यात बरंचसं खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. लोटू एकदा तरी अडखळावा, असंही त्याला वाटलं होतं. फार नाही, एकदाच. आणि लोटू अडखळला. 'बारा तास' सुरू झालं, माग धावत सुटला, पहिलं मिनिट लोटूनं दात आवळून धरलं, आणि मग त्याचा हात किंचित मागे पडायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर एक भांबावलेपण आलं. काल जे गाणं हातात होतं ते आज हातातून निसटतंय आणि का ते कळत नाही, असं. दीपकनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, रुपालीला नाही, एकट्यानं कधी मोठ्यानं म्हटलेलंही नाही. त्याला बरं वाटलं. लोटू ठेका पकडायला मागाच्या जवळ जवळ सरकत गेला, कानानं साधेना म्हणून डोळ्यांनी बघायला गेला, आणि गात गातच मागाच्या टोकाला जाऊन उभा राहिला, जिथे कारागीर कधी उभा राहत नाही, जिथे उभं राहू नये हे लहान पोरालाही शिकवतात. मग ताण्याचा धागा तुटला असेल, किंवा नसेलही तुटला. लोखंडी टोकाचं ते शटल खोबणीतून उडालं आणि लोटूच्या डाव्या डोळ्यात गेलं.

हितेश लोटूच्या तोंडावर पंचा दाबून त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. दीपक मागे राहिला. खातं बंद करून येतो, म्हणाला. रिक्षा वळल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं, फरशीवरचं रक्त ओलांडून मोटारीकडे गेला आणि चार इंची पुली काढून तीन इंची परत बसवली. पाना हातातून एकदाही निसटला नाही. त्या हातांची त्याला आजही भीती वाटते. शेठ आला, त्यानं माग चालवून पाहिला, मागात काही दोष नव्हता, आणि तो म्हणाला, "अरे, पण तिथे उभं कोण राहतं?" आणि दीपक म्हणाला, "हो ना." दोन शब्द. मग चूक लोटूचीच म्हणत ते दोन शब्द सगळेच बोलायला लागले, हितेश, गल्लीतली माणसं, लोटूची आई, आणि शेवटी लोटूसुद्धा. एक डोळा गेल्यावर लोटूनं माग सोडला, गिटार सोडली, गावी पारोळ्याकडे राहिला काही वर्षं, आणि मग चलथाणला रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान टाकलं. रेकॉर्डिंग त्यानं ऐकलं नाही. हितेशनं मित्राची आठवण म्हणून सीडी काढली तेव्हा त्यालाही एक दिली होती, ती त्यानं घेतली नाही. दीपकला तेव्हा हायसं वाटलं होतं, कारण आधीची दोन गाणी दीडशेची आणि तिसरं दोनशेचं, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण ज्यानं आठ वर्षं माग चालवले त्याचे कान, त्या दिवशी वाजवण्याच्या नादात नाही, तरी शांतपणे ऐकताना, ते पाच सेकंदांत सांगतील. सुरतेत असे कान गल्लोगल्ली आहेत. भर दुपारी, टपरीसमोरून जाणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे दीपक बघत होता आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. त्यानं हितेशला फोन लावला. "लोटूला पाठवलंस का?" हितेश खुशीत होता. "सबसे पहले उसीको भेजा, यार. तेरे को तो बाद में."

तो चलथाणला का निघाला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. बोलायला निघाला नव्हता. चोर जसा चोरीच्या जागी पुन्हा जाऊन बघतो, गवगवा झाला का, तसंच काहीसं. मोटरसायकलवर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि कानात मात्र तोच ठेका. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, दोन दोन ट्रॉल्या भरलेल्या, कारखान्याकडे निघालेल्या, आणि त्यांच्या मागे मागे जाताना त्याला बरं वाटत होतं, कारण वेग नव्हता. लोटूनं आधीच ऐकलं असेल तर? तो पान्यानं डोकं फोडेल. फोडू दे. पण तो काहीच न करता नुसता बघेल, एका डोळ्यानं, तर काय करायचं? त्या कल्पनेसरशी त्यानं एका रसवंतीपाशी गाडी थांबवली, रस मागवला आणि न पिता निघाला. परत फिरावं असं दोनदा वाटलं. परत फिरून जायचं कुठे होतं? खात्यात गेलं तरी ठेकाच होता.

लोटू ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होता. केस पिकले होते. दीपकला बघून तो उठला नाही, पण हसला.

"ये. गाडी सावलीमा लाव," तो म्हणाला. "इतला वरीसमा आठवन ऊनी तुले."

दीपकनं गाडी लावली. बाकावर बसला. लोटूनं ट्यूब घासली, चिकटपट्टी लावली, हातोडीनं ठोकली. बराच वेळ दोघं उसाबद्दल बोलले, मग पाण्याबद्दल.

"हितेशना व्हिडिओ ऊना का तुले?" शेवटी दीपकनं विचारलं.

"ऊना. अजून ऐका नही." लोटूनं मान खालीच ठेवली. "पूजा सकायपासून मांगे लागेल शे, पप्पा लावा, पप्पा लावा. तिले सांगं, क्लास करी ये, मंग पाहू." पूजा त्याची मुलगी, दहावीला. "माले भ्याव वाटस, दीपक."

"कसानं?"

"मना हातनं." लोटूनं हातोडी खाली ठेवली. "लोके समजतस डोळा गया म्हनीसन गिटार सोडी. डोळानं काय, आंधळा बी वाजवस. त्या दिन माले समजनं, मना हातच नही तितला. पहिले दिन वाजना, कारन गानं सोपं व्हतं. कठीन ऊनं आनि हात पडना. म्हनीसन तर ठेका देखाले तठे गऊ." त्यानं डाव्या डोळ्याच्या खळग्याखाली मनगटानं पुसलं. "घर ऊनू आनि ती वही जाळी टाकी. ज्यास्ना हात चालस त्यास्ना नावं आपन कसाले लिखाना? आते म्हने नव्वद हजार लोके ऐकी ऱ्हायनात. आनि पोरगी बी ऐकी, बाप मांगे पडना ते."

दीपकला कळलं की आपण सुटलो. लोटू ऐकणार नाही. इतकी वर्षं जी भीती उशाशी घेऊन तो झोपला ती अशी एका वाक्यात संपली होती, आणि ज्यानं संपवली त्याला पत्ताच नव्हता.

"मंग नको ऐकू," दीपक म्हणाला. आवाज त्याचाच होता.

"नकोच." लोटूनं खिशाकडे हनुवटी केली. "तूच काढी टाक ते. मना हात ऑईलना शेतस. पूजाले सांगसू, गया कोठे तरी."

दीपकनं लोटूच्या खिशातून फोन काढला. व्हिडिओ समोर होता, तिघांचा फोटो, लोटूचे दोन डोळे. अंगठा टेकवला की काम झालं असतं. पुढे मोटरसायकल, पुढे सुरत, रुपालीच्या हातची भाकरी. पण अंगठ्याखालच्या त्या दोन डोळ्यांपेक्षा आता त्याला दुसरंच काही दिसत होतं, पारोळ्याच्या कुठल्याशा घरात चुलीसमोर बसून वहीची पानं एकेक करून आत सारणारा माणूस. डोळ्याचं ओझं दीपकनं रोज उचललं होतं, त्याला त्याची सवय झाली होती. पण लोटूचा स्वतःच्या हातावरचा भरवसाही आपणच घेतला हे त्याला माहीतच नव्हतं. तो इतका घाबरला की उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"पुली बदली व्हती मी," तो म्हणाला.

लोटूला पहिल्यांदा समजलं नाही. "कोनती पुली?"

"मोटारनी. तू येवाना पहिले. तुले सांगं नही. मंग तुम्हीन दवाखानामा गयात, तवय परत लायी दिन्ही."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. लोटू टबातल्या पाण्याकडे बघत होता. तो ओरडेल म्हणून दीपकनं दात आवळून धरले होते.

"किती इंची?" लोटूनं विचारलं.

"तीननी काढी. चारनी लायी."

लोटूचे ओठ हलले. तो हिशोब करत होता, जसा कुठलाही कारागीर करेल. "दोनशे," तो म्हणाला. "दीडशेना दोनशे." मग त्यानं चिंधी घेतली आणि हात पुसायला सुरुवात केली, एकेक बोट, नखांपर्यंत, खूप सावकाश. पुसून झाल्यावर त्यानं डावा हात समोर धरला आणि असा बघितला की तो दुसऱ्या कुणाचा असावा. "दोनशेले कोनता हात पुरस, दीपक?" त्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"कोनताच नही."

"एक मिनिट धरा व्हता मी."

"जास्ती. सव्वा."

लोटूनं मान हलवली. "लाव," तो म्हणाला.

दीपकनं गाणं लावलं. बारक्या फोनमधून माग धावत आला, त्यामागून गिटार, आणि लोटूची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. लोटूनं डोळा मिटला होता. दीपक फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होता, आणि ती आली. किंकाळी. ओल्या अँप्लिफायरमधून, अठरा वर्षांपलीकडून, बाविशीतल्या पोराची. दीपकनं खाली मान घातली. लोटूच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तो अजून किंकाळीच्या आधीची गिटारच ऐकत होता.

"परत लाव. सुरवातपासून."

दीपकनं परत लावलं. आणि परत. प्रत्येक वेळी लोटू हात ऐकत होता आणि दीपक किंकाळी. चौथ्या वेळी लोटू मध्येच म्हणाला, "हाऊ देख, आठे. आठे मी मांगे नही," आणि त्याचा आवाज फुटला. दीपकनं थांबवण्यासाठी अंगठा उचलला.

"थांबाडू नको." लोटूनं त्याचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, पंक्चरवाल्याची. "पूजा साडेपाचले येस. तवलोंग लावत राहा. मंग तिले तू सांगजो. पुलीनं, आनि बाप मांगे का पडना ते बी. सारं. मी नही सांगाव."

दीपकनं फोनवरची वेळ पाहिली. पावणेपाच झाले होते. मनगट लोटूच्या हातातच होतं, म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं गाणं सुरुवातीला नेलं आणि रस्त्याकडे बघत बसला, जिथून मुली सायकलीवरून क्लासमधून परत येतात.